उपरण्याखालचा हात

पेशवाई होती तेव्हा मी बुधवार पेठेत शालींच्या दुकानात विक्रीला होतो. व्यापारी कापडाआड बोटं दाबून भाव ठरवत. आमचे शेठ माणसंही तशीच पारखत. गोड बोलत उपरण्याखाली हात धरायचे, बोट थरथरलं की "या आपण" म्हणून वाटेला लावायचे. माझं थरथरलं नाही, म्हणून ठेवलं. गिऱ्हाईक बोलतं करायला त्यांनीच शिकवलं.

पुढे समोरच्या दुकानदाराने मला गुपचूप आपल्याकडे कामाला बोलावलं. मी हो म्हणालो. दुसऱ्या सकाळी भरल्या दुकानात शेठनी माझ्या हातावर उपरणं टाकलं.

"न्याहारी झाली?"

"झाली, शेठ."

"आई बरी?"

"बरी आहे."

"आणि समोरचे?"

बोट थरथरलं. शेठ गिऱ्हाइकांकडे बघून हसले आणि उपरण्याखाली माझं एकेक बोट आवळत माझा भाव वाढवत गेले.

"कच्चा आहेस अजून. जातोस कुठे?"