साहेब आले की घरी

आमची आत्या छोट्या शाळेची मुख्याध्यापिका. मुख्याध्यापिका म्हणजे शिकवायचं तिनंच, फळा पुसायचा तिनंच आणि नळ गळायला लागला तर चिंधीही तिनंच बांधायची. लग्न केलं नाही. "एवढी पोरं आहेत, त्यात आणखी एक मोठं कुठे सांभाळू?" असं म्हणायची, आणि आमचे बाबा उगाच खाकरायचे.

तिच्या शाळेत एक जुनी रीत होती. तपासणीला साहेब येणार असले की आदल्या दिवशी आत्या कच्च्या मुलांच्या कानात सांगायची, "उद्या घरीच थांब हं." साहेब पाढे विचारायचे, चुकलं की सगळ्यांदेखत पोराची सालटी काढायचे. आत्याला ते बघवत नसे. मी या रितीचा जुना लाभार्थी. साहेब दिसतात कसे, हे मला शाळा सुटेपर्यंत कळलं नाही. माझ्या लेखी साहेब म्हणजे सुट्टी.

यंदा निरोप आला की शिक्षण समितीचे लोक शाळा बघायला येताहेत. आत्यानं खिडक्या पुसल्या, फळ्यावर सुविचार लिहिला आणि कच्ची मुलं घरी ठेवली. यंदा कच्ची जरा जास्तच होती.

समितीनं पाढे विचारले नाहीत. दारातच उभं राहून नुसती डोकी मोजली.

"एवढीच?"

आत्याच्या तेव्हा कुठे लक्षात आलं. "अहो, अजून आहेत. थांबा, इथेच राहतात, हाक मारून आणते."

"हजर तीच खरी, बाई. पटावर नावं काय, कुणीही लिहितं."

आत्या अनवाणी गल्लीत धावली. मुलं गोळा करून परतली, तोवर गाडी गेलीही होती.

मग निर्णय आला: मुलं कमी, शाळा बंद. सगळ्यांनी हमरस्त्यापलीकडच्या मोठ्या शाळेत जायचं. सभा भरली. घरी थांबलेल्या चिमणीचे वडील, आमचे शिंपीकाका, तावातावानं उठले. "त्या रस्त्यावर आम्ही मोठी माणसं जीव मुठीत धरून जातो. आमच्या चिमणीला ट्रकनं उडवलं, तर समिती येणार का मोजायला?"

"हजेरीच नव्हती, आमचा नाइलाज आहे," समितीचे अध्यक्ष म्हणाले.

"नव्हती कशी? पोरगी ठणठणीत होती. तिला घरी थांबायला सांगितलं कुणी?"

आत्या गप्प बसली असती तर चाललं असतं. ती उठली.

"मी सांगितलं. चूक माझी आहे. मला घरी बसवा, पण एकदा परत येऊन मोजा."

"ठराव झालाय, बाई."

सभा संपल्यावर शिंपीकाका तिच्याशी बोलले नाहीत. पुढेही नाहीत. पूर्वी तिच्या पोलक्याला हुक लावून द्यायचे आणि वर चहा पाजायचे.

मोठ्या शाळेच्या पहिल्या दिवशी आत्यानं सगळ्या मुलांना हाताला धरून रस्ता ओलांडून दिला. मग जुन्या शाळेत येऊन आम्ही दोघं बाकं टेम्पोत चढवायला लागलो. मी म्हटलं, "आत्या, या बाकावर मी किती झोपा काढल्यात!" ती हसली नाही. एरवी कान धरला असता.

शेवटचं बाक दारातून काढत होतो, तेवढ्यात फाटक वाजलं. चिमणी आणि तिच्यामागे बाकीची कच्ची मंडळी, पाठीवर दप्तरं घेऊन.

आत्याचा चेहरा पांढराफटक पडला. "अगं, रस्ता कुणी ओलांडून दिला?"

"आमचे आम्हीच आलो. पळत."

"पण का आलात? कुणी हाकललं का?"

चिमणीनं तिच्याकडे असं पाहिलं, जणू बाईंना एवढंही कळत नाही.

"बाई, तिकडे साहेब आलेत ना."

आत्यानं तिला पोटाशी धरलं. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, त्याला मी हातानं थांबवलं. आत बाकं नव्हती. मुलं नेहमीसारखी रांगेनं गेली आणि रिकाम्या फरशीवर आपापल्या जागी बसली.