डावा टायर, उजवा टायर

माझा नवरा त्वचारोगतज्ज्ञ आहे. हे आधीच सांगितलं नाही तर पुढचं सगळं वेडेपणाचं वाटेल. सांगितल्यावरही वाटेलच, पण त्या वेडेपणामागे बरंच शिक्षण होतं एवढं तरी कळेल.

गोष्ट दोन हजार चार-पाचच्या सुमाराची, कॉव्हेंट्रीतली. मी फिजिओथेरपिस्ट. मुलगी शाळेत रुळेपर्यंत घरी होते आणि मग एकदाची मला नोकरी मिळाली. म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांना उठवायचं, बसवायचं, चालवायचं. अट एकच होती, ऑगस्ट संपायच्या आत हातात ब्रिटिश लायसन्स हवं. पुण्याचं लायसन्स इथे पहिलं वर्षभर चालतं, आणि ते वर्ष मी 'बघू निवांत' म्हणत घालवलं होतं. नंतर दोनदा टेस्ट दिली आणि दोनदा नापास झाले. पहिल्यांदा राउंडअबाउटच्या गोल चौकापाशी मी सगळ्यांना आधी जाऊ दिलं. सगळ्यांना म्हणजे खरोखरच सगळ्यांना. शेवटी मागच्या गाडीतला माणूस उतरून आमच्या खिडकीत डोकावून गेला. दुसऱ्या वेळी तीच चूक नको म्हणून मी कुणालाच जाऊ दिलं नाही. तिसरी तारीख जुलैच्या अखेरीची मिळाली. ती हुकली की नोकरीही गेली, कारण त्यापुढच्या तारखा थेट सप्टेंबरातल्या होत्या.

शिकवणाऱ्या माणसाच्या गाडीत दोनदा अपयश आल्यावर मी ठरवलं, या वेळी घरची गाडी न्यायची. तिचा क्लच माझ्या ओळखीचा होता. पण वसंतातल्या एमओटीत, म्हणजे गाडीच्या सक्तीच्या वार्षिक तपासणीत, गॅरेजवाल्याने कागदावर लिहून दिलं की पुढचे दोन्ही टायर गोटा व्हायला आलेत, लवकर बदला. बाकीचं जग अशा वेळी शनिवारी दुकानात जातं, दोन टायर बसवून घेतं आणि येताना चिप्स खातं. आमच्या घरात संशोधन सुरू झालं.

नवऱ्याने लायब्ररीतून गाड्यांची मासिकं आणली. प्रत्येकात समर टायरांची तुलना होती: कोरड्या रस्त्यावर ब्रेक, ओल्या रस्त्यावर ब्रेक, वळणावर पकड, आवाज, झीज. समर टायर म्हणजे कडाक्याच्या थंडीसाठी नसलेले, नेहमीचे टायर. पण आमच्याकडच्या समरची एकूण तऱ्हा पाहता पाचापैकी एकच रकाना उपयोगाचा होता, ओल्या रस्त्याचा. हे मी म्हणून पाहिलं. त्याने ऐकून घेतलं आणि आवाजाच्या रकान्यावर हिरवी रेघ मारली. तो तक्ता फ्रिजवर चिकटला. दूध काढायचं तर आधी बारा टायरांची झीज वाचावी लागे.

मग सल्लामसलत. आमच्या इथल्या मराठी मंडळात निम्मे डॉक्टरच; कुणीही काही विकत घ्यायचं ठरवलं की बाकीच्या डॉक्टरांकडे रेफरल जातो, मग ते वॉशिंग मशीन असो, कार्पेट असो, नाहीतर घरात येऊ घातलेली सून. सर्जन म्हणाले, जर्मन घे, पाणी छान कापतो. भूल देणारे म्हणाले, ज्याचा आवाज कमी तो घे, गाडीतल्या माणसांना झोप लागली पाहिजे. मुलांच्या डॉक्टरांनी आपणहून सांगितलं की त्यांनी दुकानातले सगळ्यात स्वस्त घेतलेत आणि दोन वर्षं काही त्रास नाही. त्यांचं मत अर्थातच धरलं नाही.

मे महिना उजाडला तेव्हा तक्त्यात दोनच टायर उरले होते, एक जर्मन आणि एक कोरियन. दोघांना अगदी सारखे गुण.

"अरे, कुठलाही एक घे ना," मी म्हटलं.

"कुठलाही म्हणजे? Evidence नको?"

आणि एका संध्याकाळी तो क्लिनिकमधून असा काही उजळलेल्या चेहऱ्याने आला की मला वाटलं, बढती मिळाली. तसं काही नव्हतं. त्वचेच्या दोन मलमांची तुलना कशी करतात, हे त्याला दुपारी पेशंट तपासताना आठवलं होतं. एक मलम डाव्या हाताला लावायचं, दुसरं उजव्या. पेशंट तोच, कातडी तीच, ऊन तेच. त्यामुळे जो फरक दिसेल तो मलमाचाच.

"डावीकडे एक, उजवीकडे एक," तो म्हणाला. "गाडी तीच, रस्ता तोच, ड्रायव्हर तोच. यापेक्षा clean comparison होऊच शकत नाही."

ड्रायव्हर तोच म्हणजे मी, हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं.

आमचा टायरवाला पंजाबी होता, पांढऱ्या दाढीचा, उभा जन्म टायर बसवण्यात गेलेला. त्याने दोन्ही टायर पाहिले, मग माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. "डॉक्टरसाब, ऐसा कोई नहीं करता." मग रजिस्टर काढून पुन्हा विचारलं, लिहिताना चूक तर झाली नाही ना. नवऱ्याने विचारलं, कायद्यात बसतं का? बसतं, माप एक आहे, जात एक आहे. मग बसवा. पण अजून संपलं नव्हतं. आपल्याला कुठला टायर कुठला ते कळलं तर मन आधीच एका बाजूला झुकेल, म्हणून नवऱ्याने दोन्हींवरची नावं काळ्या रंगाने पुसून टाकायला सांगितली आणि ती पुसली जाईपर्यंत स्वतः फुटपाथवर पाठ करून उभा राहिला. माझ्यादेखत टायरवाल्याने डावीकडे जर्मन बसवला आणि उजवीकडे कोरियन. खडूने डाव्यावर 'ए', उजव्यावर 'बी' लिहिलं. गुपित फक्त आम्हा दोघांत राहिलं. पैसे घेताना टायरवाला मला हळूच म्हणाला, "बेटी, ब्रेक संभाल के."

दर रविवारी सकाळी नवरा पावसात रेनकोट घालून गाडीपुढे उकिडवा बसायचा आणि टायरांच्या खाचा मोजायचा. शेजारच्या गोऱ्या आजी पडद्याआडून बघायच्या. एकदा त्यांनी मला दारात गाठून विचारलंच, काही हरवलंय का त्यांचं? मी म्हटलं, हो.

कारण गाडी ब्रेक लावला की डावीकडे जायची. कोरड्यात थोडीशी, ओल्यात चांगलीच. सरावाला नवरा शेजारी बसायचा. औद्योगिक वसाहतीमागच्या रिकाम्या रस्त्यावर तो पुढच्या काचेखाली हात आपटायचा, म्हणजे मी करकचून थांबायचं. टेस्टमध्ये परीक्षक हे करायला लावू शकतो. मी थांबायची आणि गाडीचं नाक वळून कुंपणाकडे बघत राहायचं.

"डावीकडे ओढतेय," मी सांगायची.

"ए चांगला धरतोय," तो वहीत लिहायचा.

"अरे, माझ्या हातातलं स्टिअरिंग ओढलं जातंय!"

"ते subjective आहे गं."

हे तो माणूस म्हणत होता, जो रोज दहा जणांना विचारतो, खाज किती येते, रात्री झोप लागते का, आणि ते जे सांगतील ते इमानेइतबारे लिहून घेतो. खाजेवर त्याचा विश्वास होता, बायकोवर नव्हता. मला त्या दिवसांत त्याचा इतका राग येत होता की त्याच्या पोळीला मी तूप लावणं सोडून दिलं. त्याला तेही कळलं नाही.

पण रागाखाली खरी भीती होती. मी आत्मविश्वास गोळा करायचा तरी कशाच्या जोरावर? गाडी वाकडी जाते की मीच वाकडी चालवते, हेच मला कळेनासं झालं. टेस्टच्या आधीच्या आठवड्यात मी एकदा राउंडअबाउटपाशी थांबले आणि रस्ता रिकामा असूनही पुढे गेलेच नाही, कडेला घेऊन गाडी बंद केली. सात वर्षांनी कुणीतरी मला कामाला बोलावलं होतं आणि मी तिथपर्यंत पोचणार नव्हते.

मंडळात एक निवृत्त स्त्रीरोगतज्ज्ञ बाई होत्या. अर्ध्या कॉव्हेंट्रीची बाळंतपणं त्यांनी केली होती आणि त्याच अर्ध्या कॉव्हेंट्रीची गुपितं पोटात ठेवली होती. मी त्यांच्याकडे चहाला गेले आणि पहिल्या घोटालाच रडले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं.

"अगं, पेशंटला त्रास होतोय तर trial stop करायची. That's basic ethics," त्या म्हणाल्या. "चल तुझ्या घरी, गाडी काढ. मी बसते शेजारी."

"अहो, पण तो..."

"त्याला कशाला सांगायचं? He is blinded, no?"

टायरवाल्याने आम्हाला पाहिलं आणि काही न विचारता उजवा कोरियन काढून डाव्यासारखाच दुसरा जर्मन बसवला. मी सांगायच्या आधीच काळ्या रंगाचा डबा घेऊन आला. नाव पुसून, खडूने 'बी' लिहून त्याने हात झटकले. येताना बाईंनी एका रिकाम्या रस्त्यावर अचानक "थांब!" अशी आरोळी ठोकली. गाडी नाकासमोर सरळ थांबली. वाकडी गाडीच होती, मी नव्हते.

टेस्टच्या दिवशी अपेक्षेप्रमाणे पाऊस होता. नवऱ्याने सकाळी दोन्ही टायर मोजले होते आणि 'बी'ची खोली वाढलेली पाहून माप पुन्हा घेतलं होतं. शेवटी त्याने वहीत 'मोजणाऱ्याची चूक' असं लिहिलं. माणूस प्रामाणिक आहे, यात वाद नाही.

निघण्याआधी परीक्षक गाडीबद्दल दोन प्रश्न विचारतो. माझा पहिला प्रश्न होता: टायरची खोली पुरेशी आहे का, हे कसं तपासाल? तीन महिने माझ्या फ्रिजवर दुसरं काही नव्हतं. मी सुरू झाले. खोली किमान किती, ती रुंदीच्या कुठल्या भागात मोजायची, पूर्ण घेरात का मोजायची, झीज एका कडेला जास्त असेल तर त्याचा अर्थ काय, ओल्या रस्त्यावर खाचा पाणी कसं बाहेर टाकतात. परीक्षकाने दोनदा "थँक यू" म्हटलं. मी झिजेवर आले तेव्हा तिसऱ्यांदा म्हटलं आणि गाडीत जाऊन बसला.

राउंडअबाउटवर मी दोन गाड्यांना जाऊ दिलं आणि तिसरीच्या आधी निघाले. करकचून थांबायलाही सांगितलं. गाडी सरळ थांबली, ओल्या रस्त्यावर, रेघ मारल्यासारखी. मी पास झाले.

नवरा टेस्ट सेंटरबाहेर छत्री विसरून भिजत उभा होता. माझा चेहरा पाहिला आणि त्याने मला तिथेच, सगळ्यांसमोर मिठी मारली. येताना गाडी मीच चालवली. पहिल्या सिग्नलला ब्रेक लावला तसा तो खुशीत म्हणाला, "बघ, बी आता settle झाला. मी म्हणत होतो ना, वेळ द्यायला हवा."

मला राहवलं नाही. सगळं सांगितलं. बाईंचं नाव फक्त घेतलं नाही.

त्याने खिशातून वही काढली आणि 'मोजणाऱ्याची चूक' ही ओळ खोडली. मग अगदी खऱ्या दुःखाने म्हणाला, "म्हणजे तू टायरमुळे पास झालीस की स्वतःमुळे, हे आता कधीच कळणार नाही."

मी आरसा पाहिला, इंडिकेटर दिला, गाडी रीतसर कडेला घेतली आणि हँडब्रेक ओढला.

"तीन महिने तू दोन टायरांचं ऐकलंस," मी म्हटलं. "ते बोलत नव्हते, तरी. मी बोलत होते. आज तिसऱ्यांदा नापास झाले असते तर तुझ्या वहीत त्याला रकाना कुठला होता?"

वायपर चालू होते. "नव्हता," तो म्हणाला. मग, "सॉरी." घरी गेल्यावर त्याने तक्ता काढला. फ्रिज इतका पांढरा आहे हे मी विसरलेच होते.

सप्टेंबरातल्या पहिल्या सोमवारी मी कामाला निघाले. डिकीत वॉकर, शेजारी शहराचा नकाशा, पहिला पेशंट नऊ वाजता, नवा खुबा बसवलेल्या एक आजी. गाडी सुरू केली आणि काचेवर टकटक झाली. नवरा पावसात ड्रेसिंग गाउनवर बाहेर आला होता. हातात वही नव्हती. मी काच खाली घेतली.

"एक विचारू?" तो म्हणाला. "चालवताना कशी वाटते गं गाडी तुला?"

तीन महिने मी या प्रश्नाचं उत्तर मनात घोकलं होतं, मुद्देसूद, उदाहरणांसकट, शेवटी दोन टोमणे राखून. आता तो खरंच विचारत होता आणि उत्तर येईपर्यंत तिथे भिजत उभा राहायची त्याची तयारी होती.

"आल्यावर सांगते," मी म्हटलं. "मला उशीर होतोय."