बाबांनी सांडलेला प्याला

त्या वर्षी उपवासकाळात माझा विश्वास उडाला होता असं मी म्हणणार नाही. पण प्रार्थना करायचा कंटाळा आला होता, हे खरं. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. नागपूरच्या इंग्रजी शाळेच्या वसतिगृहातून शिकून मी घरी परतले त्यालाही दोन वर्षं होत आली होती. आई आधीच गेलेली. बाबा मूलजवळच्या एका गावात आमच्या मिशनचे उपदेशक होते आणि मी तिथल्याच मिशन शाळेत लहान मुलांना शिकवत होते. शाळा, चूल, आणि हिवाळ्यापासून बाबांचं आजारपण. त्यांच्या पायांवर सूज चढायची, चार पावलं चाललं की दम लागायचा. चांद्याच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की हृदय थकलं आहे, पावसाळा बघतीलच असं नाही. मी ते बाबांना सांगितलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही. रोज संध्याकाळी आम्ही दोघं उपासनेला बसायचो. मी पुस्तकातली प्रार्थना वाचायची, ते आमेन म्हणायचे, आणि वाचता वाचता माझ्या मनात उद्याची भाजी चाललेली असायची.

पवित्र आठवड्यातल्या गुरुवारी देवळात प्रभुभोजन होतं. बाबांना उठवत नव्हतं म्हणून पाळकसाहेब स्वतः ताट घेऊन त्यांच्या बाकापाशी आले. बाबांनी मान हलवली. सगळ्या मंडळीसमोर त्यांनी भाकर घेतली नाही. घरी आल्यावर खाटेवर बसून ते म्हणाले, "नदीपलीकडच्या मंडळीला भेटून येईन, मगच घेईन. तसाच मेलो तर उपाशी मेलो असं समज." एवढंच. मला फार राग आला. मी थकले होते, आणि शुक्रवारची सुट्टी मला झोपण्यासाठी हवी होती.

पलीकडची मंडळी म्हणजे वैनगंगेच्या त्या अंगाला जंगलात राहणारे ख्रिस्ती लोक, दुसऱ्या एका मिशनचे. आमच्यात तान्ह्या मुलांच्या डोक्यावर पाणी शिंपडून बाप्तिस्मा देतात. त्यांच्यात मोठ्या माणसांना नदीत बुडवून. आमचे लोक त्यांना 'बुडवे' म्हणायचे, ते आम्हाला 'शिंपडे'. सहा वर्षांपूर्वी दोन्ही मंडळ्यांनी एकत्र उपासना करायचं ठरवलं होतं आणि प्रभुभोजनाची तयारी त्यांच्याकडे होती. प्याल्यात द्राक्षाचा रस लागतो, तो आम्ही मनुका उकळून काढत असू. जंगलात मनुका कुठल्या? त्यांनी अंबाडीची वाळवलेली लाल बोंडं उकळून तो रस आणला. उपासना बाबा चालवत होते. त्यांनी घोट घेतला, आंबट लागला, हे काय आहे म्हणून विचारलं. एका बाईनं सांगितलं. "हा प्रभूचा प्याला आहे, पाहुण्यांचं सरबत नव्हे," असं म्हणून बाबांनी तो सगळ्यांदेखत मातीत ओतला. ती बाई हात पुसत तशीच उभी राहिली. मी सुट्टीत घरी आले होते, तिथंच बसले होते. मला त्यात वाईट काही वाटलं नाही. उलट एकाच पेल्यातून सगळ्यांच्या मागून प्यावं लागणार नाही म्हणून बरं वाटलं होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

त्यानंतर दोन्ही मंडळ्या एकत्र आल्या नाहीत.

शुक्रवारची उपासना झाल्यावर धोंडूभाऊची बंडी, म्हणजे बैलगाडी, सांगितली. तनसाचा, भाताच्या पेंढ्याचा, जाड थर घातला, त्यावर गादी, आणि वर चटईचं छत. धोंडूभाऊ ख्रिस्ती नव्हता; पण बाबांना दौऱ्यावर नेता नेता म्हातारा झाला होता, त्यामुळे बोलायला कुणाला भीत नसे.

"उपदेशकाले घरी झोपू द्या ना बाई," तो म्हणाला. "मराले टेकलेल्या मानसाले बंडीत हिंडवता काऊन?"

"त्यांनाच जायचं आहे."

"ते तं म्हनतीन. तुमी नाई म्हना."

आतून बाबांचा आवाज आला, "मी आयकून राह्यलो, धोंडू."

"आयका ना मंग. तुमच्यासाठीच बोलून राह्यलो."

जे मी तीन महिने लपवलं होतं, ते धोंडूभाऊनं रस्त्यावर असं बोलून टाकलं, आणि बाबा हसले. त्यांना सगळं ठाऊक होतं. मी तोंड फिरवून साजाच्या झाडांकडे बघत बसले. वाटेत एका ओळखीच्या घरी मुक्काम केला, सकाळी नदीच्या कोरड्या रेतीतून बंडी पलीकडे गेली, आणि शनिवारी दुपारी उन्हाच्या वेळी आम्ही त्या गावात पोचलो.

गावात कुणी नव्हतं. दारं ओढलेली, अंगणात दोन कोंबड्या, आणि त्यांच्या कुडाच्या देवळाला बाहेरून कडी. धोंडूभाऊनं कपाळावर हात मारला. "मोहफुलाचे दिवस हायेत बाई. सारा गाव झाडाखाली. फुलं पडून राह्यली तोवर कोनी घरी येत नाई." ही गोष्ट मला कळायला हवी होती. शाळेतली निम्मी मुलंही त्याच कारणानं आठवडाभर गैरहजर होती आणि मी रोज हजेरी घेताना ते बघत होते. बाबांनाही सुचलं नाही. आम्ही फक्त आमचा पवित्र आठवडा मोजला होता.

बाबांचे ओठ निळसर दिसत होते. जंगलात लोक नेमके कुठे असतील ते कुणाला माहीत? मी म्हटलं, परत फिरू. बाबांनी डोळे मिटले आणि त्यांच्या गालावरून पाणी ओघळलं. तरीही मला आतून सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहायला हवं. आता मला कुणासमोर उभं राहावं लागणार नव्हतं. धोंडूभाऊनं बंडी वळवली, आणि डावीकडचा बैल खाली बसला. शेपूट पिरगाळून झालं, शिव्या देऊन झाल्या, पाणी दाखवून झालं. बैल बसूनच. धोंडूभाऊ दमून त्याच्याशेजारी बसला. मीही उतरून सावलीत उभी राहिले. त्या वेळी मी प्रार्थना केली नाही. माझ्यात तेवढंही उरलं नव्हतं.

थोड्या वेळानं पायवाटेनं एक म्हातारी आली. तिची टोपली फुटली होती, दुसरी न्यायला घरी आली होती. तिनं बंडीत वाकून पाहिलं, मला काही विचारलं नाही, आणि धोंडूभाऊला म्हणाली, "पाय धर त्याहीचे, मी खांदे धरतो." दोघांनी बाबांना तिच्या ओसरीवर आणून निजवलं. तिनं चूल पेटवली, तांदळाची पेज केली, मीठ घालून द्रोणात दिली. मी वाकून बघितलं तेव्हा ओळखलं. हात पुसत उभी राहिलेली ती हीच होती. मैनाबाई तिचं नाव.

बाबांनीही ओळखलं. ते उठायला धडपडले. "बाई, मी तो—"

"पेज पिऊन घ्या पयले. थंडी होते."

"मी तुमचा प्याला सांडला होता."

"मालूम हाय मले. बंडीत पाह्यलं तवाच वळखलं."

"वळखलं तं पेज काऊन पाजली?" धोंडूभाऊनं मध्येच विचारलं.

"तुले बी भेटन. चूप बस."

बाबा हात जोडून रडायला लागले. आमच्या घरात कुणी असं रडत नाही. मैनाबाई त्यांच्या पायाशी बसली. मग म्हणाली, "एकटे तुमीच नाई, उपदेशकभाऊ. त्या पुढच्या पावसात तुमचा एक मास्तर आला होता, बायको तापानं फनफनलेली. देवळात रातभर जागा मांगे. आमी म्हटलं, शिंपड्याले जागा नाई. दोघं गोठ्यात झोपले. चाबी माह्यापाशीच होती. ते मी आजवर कोनापाशी बोलली नाई."

मग ती माझ्याकडे वळली. "तू प्रार्थना कर बाई. शिकलेली हायेस."

मला दोन भाषांत प्रार्थना पाठ होत्या. आजाऱ्यासाठी, प्रवासासाठी, पश्चात्तापासाठी, सगळ्या नीट रचलेल्या. त्यातली एकही आठवली नाही. शेवटी तोंडातून इतकंच आलं, "प्रभू, मी थकले." पुढे काही येईना. लाजेनं माझे कान तापले. पण मैनाबाईनं प्रार्थना पूर्ण झाल्यासारखं ठामपणे "आमेन" म्हटलं. बाबांनीही म्हटलं. ती प्रार्थना तेवढीच होती, आणि ती पुरली.

बाबांना त्या दिवशी हलवणं शक्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुनरुत्थानाचा रविवार. फुलं वेचायचं थांबत नाही म्हणून ती मंडळी त्या दिवसांत उपासना मोहाखालीच करते. सकाळी धोंडूभाऊनं बंडी तिथवर नेली. त्याचा बैल तेव्हा निमूट चालला. मैनाबाईनं आधी जाऊन सांगितलं असावं, कारण कुणी आश्चर्य दाखवलं नाही. एक आजोबा मात्र मोठ्यानं म्हणाले, "शिंपडे आले रे, पानी सांभाळा," आणि बाया पदर तोंडाला लावून हसल्या. एक माणूस उठून दूर जाऊन बसला. तो शेवटपर्यंत आला नाही. बाबांनी त्याच्याकडे पाहून हात जोडले आणि तसंच राहू दिलं.

त्या मंडळीचे वडील, म्हणजे पुढारी, सोमाजीभाऊ बाबांना म्हणाले, भाकर तुमी मोडा, तुमी उपदेशक. बाबा म्हणाले, "आज मी बसतो." ते खाली चटईवर, सगळ्यांत बसले. तीस वर्षं मी त्यांना उभं राहूनच बोलताना पाहिलं असेल... नाही, माझं वयच तेव्हा तेवीस. पण तसं वाटलं खरं. तांदळाची भाकर आली. मग पितळेचा पेला, अंबाडीचा. बाबांनी दोन्ही हातांनी धरला आणि किती वेळ ओठांना लावून ठेवला. तिथून तो त्या थट्टेखोर आजोबांकडे गेला, त्यांच्या दातांवर तंबाखूची काळी पुटं होती, आणि त्यांच्याकडून माझ्याकडे आला. आमच्या देवळात मी नेहमी पहिल्या रांगेत, पेला आधी येतो तिथं, बसायची; ती जागा मी का निवडते ते त्या क्षणी मला कळलं. आजोबांचे ओठ लागलेली जागा मला दिसत होती. मी पेला फिरवला नाही. तिथूनच प्याले. आंबट होतं. डोळ्यांसमोर काही उजळलं नाही, आवाज ऐकू आला नाही. माझे खांदे खाली आले, एवढंच. इतके दिवस ते मी वर ओढून धरले होते हेही मला माहीत नव्हतं.

परतल्यावर बाबांनी पाळकसाहेबांना स्वतः सगळं सांगितलं. परवानगीशिवाय दुसऱ्या मिशनच्या मंडळीत प्रभुभोजन घेणं नियमात बसत नव्हतं. उपदेशकांच्या यादीतून त्यांचं नाव काढलं गेलं. पूर्वीचे बाबा असते तर पानंच्या पानं पत्रं लिहिली असती. ते शेवटच्या बाकावर जाऊन बसू लागले आणि मला म्हणाले, इथून सगळे दिसतात.

पाऊस सुरू व्हायच्या आधी, एका सकाळी ते झोपेतच गेले.

दफनाच्या वेळी पलीकडची पंचवीस-तीस माणसं आली. इतक्या लांबून चालत आलेली, अंगावर धूळ. ती आत आली नाहीत. कबरस्तानाच्या भिंतीबाहेर कडुनिंबाखाली बसून राहिली. आमच्या सगळ्यांना ती दिसत होती आणि कुणीच तिकडे बघत नव्हतं. पाळकसाहेबांनी पुस्तक उघडलं. मी कधी कुणाच्या मध्ये बोललेली नाही. तरी पुढे होऊन म्हटलं, "ते लोक बाहेर आहेत." पाळकसाहेब पुस्तकाकडे बघत राहिले. मग ते मिटून त्यांनी माझ्या हातात दिलं, स्वतः फाटकाशी चालत गेले, आणि मैनाबाईसमोर थांबून म्हणाले, "आत या बाई. बोलवायला मला उशीर झाला."

या सगळ्याबद्दल मी देवाचे आभार मानते, पण यातलं मी काय केलं ते शोधायला गेले की फारसं सापडत नाही. मी परत फिरायला निघाले होते. आता प्रार्थनेत मी आधी थोडी गप्प बसते, आणि जड झालेलं खाली ठेवते.

कबरीशी सगळ्यांनी मूठ मूठ माती टाकली, आणि गीत सुरू झालं. शब्द दोन्ही मंडळ्यांचे एकच, चाल मात्र वेगळी. दोन्ही चाली एकमेकींवर आदळत होत्या आणि कुणीच थांबत नव्हतं. मीही गात होते. कोणत्या चालीत, ते मला आठवत नाही.