वजीर लॉकरबाहेर आला तेव्हा

आमचे मामा शिलाई मशीन दुरुस्त करतात. स्वभाव इतका सबुरीचा की बायका मशीनबरोबर सासरच्या तक्रारींचं गाठोडंही त्यांच्यापुढे सोडून बसतात. पण बुद्धिबळाच्या पटावर हाच माणूस दांडगाई करायचा. पांढरी मोहरी मिळाली की आपला राजा उघडा टाकून प्यादी पुढे पिटाळायची, ही त्यांची तऱ्हा. मामी म्हणायची, घरात कधी आवाज चढवत नाहीत, सगळा राग तिकडे काढतात.

क्लबात सगळ्यांना हरवून झालं होतं, उरला होता फक्त बँकेतला कॅशियर. त्याचा बचाव ठरलेला. समोरच्याने राजापुढचं प्यादं दोन घरं टाकलं की हा उंटापुढचं प्यादं एक घर सरकवायचा आणि दार लावून बसायचा. वजिराला तर लॉकरमधल्या दागिन्यासारखा जपायचा. दरवर्षी क्लबाच्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत मामा त्या भिंतीवर डोकं आपटून घरी यायचे आणि पुढे काही दिवस कुणाशी धड बोलायचे नाहीत.

यंदा त्यांनी चंगच बांधला. मधलं प्यादं पुढे रेटायचं, काळा उंट बाहेर आला की घोड्यापुढचं प्यादं त्याच्या अंगावर घालायचं, मग कडेचंही सोडायचं. राजा उघडा पडला तर पडू दे. सरावाला होते चष्मेवाले काका, मामांचे जुने दोस्त. दोघांची दुकानं भिंतीला भिंत लागून. दुपारी गिऱ्हाईक कमी असलं की मामांच्या बाकावर पट मांडला जायचा. काका काळ्यांकडून बसायचे आणि मुद्दाम कॅशियरसारखं रडतखडत खेळायचे. एकदा मात्र त्यांनी भलतंच केलं. वजीर बाहेर काढून पांढऱ्याचं एक प्यादं मारलं आणि मामांच्या हल्ल्यातली हवाच गेली. दोघांनी डोकं खाजवलं, तोड सापडेना. हे कॅशियरला सात जन्मात सुचणार नाही, म्हणून काकांनीच धीर दिला.

सामन्याच्या आदल्या दिवशी घरी बसल्या बसल्या मामांना तोड सापडली. घोडा कडेला नेला की त्या वजिराची परतीची वाटच बंद होत होती. मी म्हटलं, काकांना फोन करा. मामा हसले. जिंकल्यावर सांगू, खूश होईल, म्हणाले.

कॅशियर म्हणजे साध्या चालीलाही पेनाचं टोपण चावत बसणारा माणूस. त्या दिवशी त्याने मामांचं घोड्यापुढचं प्यादं पाहिलं आणि भराभर खेळत सुटला. मग लॉकर उघडलं. वजीर बाहेर आला आणि त्याने प्यादं मारलं, तेच प्यादं. मामांनी पटाकडे पाहिलंच नाही. त्यांनी खिडकीपाशी उभ्या असलेल्या काकांकडे पाहिलं. काका आपला चष्मा पुसत होते. तो आधीच लख्ख होता.

क्लबाचा संघ कॅशियर निवडायचा आणि काकांना संघात जागा हवी होती, हे आम्हाला मागाहून कळलं. एवढ्याशा जागेसाठी! आजही आठवलं की माझं डोकं तापतं.

मामांनी मग पटाकडे मान वळवली. त्यांनी घोडा कडेला नेला. थोड्याच चालींत कॅशियरचा वजीर गेला आणि मागोमाग डावही. टाळ्या पडल्या. आणि काका, खरंच सांगते, हात पुढे करून अभिनंदनाला आले.

मामांनी हात घेतला नाही. हळूच म्हणाले, "डाव मी तुझ्याशी जिंकलो रे. त्याच्याशी खेळायचं राहूनच गेलं."

काका म्हणाले, खेळच तर आहे, मनाला काय लावून घेतोस.

कप मामीने कपाटावर ठेवला. मामांनी तिकडे मान वर करून पाहिलेलं मला आठवत नाही. काकांचं दुकान अजून शेजारीच आहे, पण मामा आता दुपारी शटर अर्धं खाली ओढतात आणि एकटेच खेळतात. एक चाल पांढऱ्याची, मग पट फिरवून काळ्याची. परवा मी डबा घेऊन गेले तेव्हा चेहरा उजळला होता. त्या बचावाविरुद्ध आणखी एक हल्ला सापडला होता. कितीतरी दिवसांनी त्यांनी हौसेने मला एकेक चाल समजावून दाखवली.

मग मोहरी डब्यात भरता भरता म्हणाले, "कुणाला सांगू नकोस हं."

मी त्यांच्या अंगाखांद्यावर वाढलेली भाची. मी नाही सांगणार म्हटलं, तर त्यांनी मला शपथ घ्यायला लावली.