मोजणीबाईंची रजा

खुर्चीत बसण्याआधी बाई घड्याळ काढून खिशात टाकत. मोजताना कुणी हाक मारली तर मान न वळवता डावा हात वर करत. चहा निवल्यावरच त्यांना आठवे. घरी बटणांचा डबा सांडला तर समोरच्या फरशीच्या वरच्या आणि डाव्या रेघेवरची बटणं उचलत, खालच्या-उजव्या रेघेवरची सोडून देत. "ती शेजारच्या चौकोनाची," म्हणत. नवरा कपाळावर हात मारून उरलेली गोळा करी.

रक्तपेढीत सगळे त्यांना मोजणीबाई म्हणत. रक्तातून वेगळ्या काढलेल्या प्लाझ्म्यात चुकून राहिलेल्या तांबड्या पेशी मोजणं हे त्यांचं काम. आखलेल्या काचेवर थेंब सोडायचा, पेशी तळाशी बसू द्यायच्या, मग सूक्ष्मदर्शकातून एकेक चौकोन पाहायचा. वरच्या-डाव्या रेघेवरची पेशी त्या चौकोनात धरायची, खालच्या-उजव्या रेघेवरची सोडायची, म्हणजे कुठलीच दोनदा मोजली जात नाही. खोलीला खिडकी नव्हती.

लेक बाळंतपणाला टेकली होती, दूरच्या गावी. बाईंनी रजा मागितली. त्याच सुमारास मोजणीचं यंत्र आलं. डॉक्टर म्हणाले, "यंत्र मोजेल त्याच प्लाझ्म्याच्या पिशव्या तुम्हीही मोजा. आकडे जुळले की काम यंत्राकडे, तुम्ही मोकळ्या."

आकडे जुळेनात. यंत्राचा नेहमी जास्त.

"बाई, नातवाला मिशा फुटतील तोवर!" यंत्रावरचा तंत्रज्ञ हसायचा.

"आई, बाळाला थांब म्हणून सांगू का?" लेक फोनवर विचारायची.

मग अचानक आकडे जुळू लागले. डॉक्टरांनी रजेवर सही केली. बाईंनी घरी जाऊन बॅग भरली पण रात्रभर त्यांचा डोळा लागला नाही. यंत्राचा पडदा त्यांच्या टेबलावरून दिसत होता. आधी आकडा दिसे, मग त्या मोजत. ज्या फिकट वर्तुळांना त्या धूळ म्हणून सोडत, तीच आता पेशी वाटू लागली होती.

सकाळी त्यांनी पडद्यावर रुमाल टाकला आणि कालचीच पिशवी पुन्हा मोजली. आकडा कमी आला. खरा कोणता, हे त्यांना स्वतःलाच सांगता येईना.

गप्प बसता आलं असतं. पण लेकीचा रक्तगट निगेटिव्ह होता. अशा बाईला चढवलेल्या प्लाझ्म्यात पॉझिटिव्ह गटाच्या तांबड्या पेशी जास्त राहिल्या, तर तिचं शरीर त्यांच्याशी लढायला शिकतं आणि पुढच्या बाळाच्या जिवावर बेतू शकतं.

"ते आकडे माझे नव्हते," त्यांनी डॉक्टरांना सांगितलं.

डॉक्टरांनी रजेच्या अर्जावरची सही खोडली. "मग रजा कशी देऊ? पुन्हा मोजा."

बाई परत त्या खोलीत आल्या. पडदा रुमालाआड ठेवून, पहिल्या पिशवीपासून मोजू लागल्या. फिकट वर्तुळ दिसलं की हात थबके. घेऊ? सोडू? पूर्वी असा प्रश्न पडत नसे. आपल्याच डोळ्यांनी आपल्याला कोंडून घातलंय, असं त्यांना वाटे.

काच अर्धी झाली होती, तेव्हा जावयाचा फोन आला. "आई, हिला आत नेलंय. सारखी तुमचं नाव घेतेय."

"ही काच संपवते आणि..." बाई बोलता बोलता थांबल्या. मग म्हणाल्या, "निघाले."

"अहो, रजेवरची सही?" तंत्रज्ञ मागून ओरडला.

"ज्याला हवी त्याला करू दे."

दार लागलं. सूक्ष्मदर्शकाचा दिवा तसाच चालू होता. खालच्या दोन ओळी मोजायच्या राहिल्या होत्या, आणि काचेच्या कडेने थेंब वाळायला लागला होता.