दोन खोल्यांमधली भिंत

सायली, तुमचा टेम्पो आधी निघाला. नालासोपारा लांब, म्हणून बाळाकाकांनी ड्रायव्हरला सकाळी सातलाच बोलावलं होतं. आमचा मालाडचा टेम्पो मागे उभा होता, आणि गल्ली अशी की तुम्ही हलल्याशिवाय आम्हाला सरकता येईना. काकी मिक्सर मांडीवर घेऊन पुढे बसलेली. माझी आई खिडकीशी उभी राहून तिच्याशी पाटा-वरवंट्यावरून वाद घालत होती. कुणी कुठे बांधला, कोणत्या पोत्यात टाकला. वीस वर्षं एका ओट्यावर स्वयंपाक केलेल्या दोन बायका, आणि निघताना बोलल्या त्या एवढंच. मग तुमचा टेम्पो सुरू झाला, आणि आमच्या ड्रायव्हरने लगेच हॉर्न वाजवला.

हे तुलाच लिहितेय, पण घाटकोपरच्या आपल्या टेकडीवरून जे जे उठले त्या सगळ्यांनी वाचलं तरी चालेल. मी पत्रकं लिहिणारी मुलगी. चार लोकांना ऐकू जाईल असंच लिहायची सवय लागलीय.

तुला भिंत आठवायची नाही. तुझा जन्म झाला त्या वर्षी ती पाडली. तोवर माझे बाबा आणि तुझे बाबा, म्हणजे आमचे बाळाकाका, शेजारशेजारच्या दोन खोल्यांत राहायचे, दारं दोन, लाइटचे मीटर दोन. काकी कामावर जायची आणि तुला आई सांभाळायची. सारखं बाहेरून वळसा कशाला, म्हणून दोघा भावांनी एका रविवारी मधली भिंत फोडली. तुमच्या दाराच्या जागी विटा रचून मोरी केली. तुमचा मीटर परत दिला. घर झालं सहा माणसांचं, ओटा एक, टीव्ही एक, आणि रिमोटवरून भांडायला तू नि मी.

रस्ता रुंद होणार, पाडलेल्या घरांच्या बदल्यात खोल्या मिळणार म्हणून सर्वेक्षण आलं, तेव्हा मोहिते मावशी दारात येऊन बाबांना म्हणाली, "भावजी, मध्ये प्लायवूड ठोका आणि त्या बाजूला दार काढा. नाहीतर वाट लागेल." अर्ध्या गल्लीत तेच चाललं होतं. दोन दिवस नुसती ठोकाठोक. सख्खे भाऊ, सासू-सुना, सगळे आपापल्यात पार्टिशन घालत होते.

नको म्हणाले ती मी. आपल्या वस्तीच्या समितीचं पत्रक मीच लिहिलं होतं: खरी माहिती द्या, घाबरू नका, नियम आपल्या बाजूने आहे. तेच पत्रक मावशीच्या हातात देऊन मी तिला खरेपणावर व्याख्यान दिलं. ती म्हणाली, "बाळा, तुझा कागद छान आहे. माझी भिंत पण छान आहे." आणि गेली.

टॅबलेट घेऊन आलेल्या माणसाने विचारलं, इथे कुटुंबं किती? बाबा एरवी बाहेरच्यांशी शहरी मराठी बोलतात. त्या दिवशी गावचं बोलले. "आमी वायले नाय. चूल एकच आसा." वायले म्हणजे वेगळे. आपल्याकडे हा शब्द घरात भांडण होऊन वाटण्या झाल्या की मगच तोंडात येतो. बाबांनी तो नाकारला, छाती काढून. बाळाकाका शेजारी उभे राहून मान हलवत होते. त्या माणसाने दारावर एक नंबर टाकला. मी फोटोही काढला, समितीच्या ग्रुपवर टाकायला.

एक नंबर, एक खोली. मीटर बाबांच्या नावावर, म्हणून ती बाबांना. यादीत बाळाकाका कुठेच नव्हते.

सुनावणीला मी तावातावाने गेले. समोरच्या मॅडम वाईट नव्हत्या गं, तेच जास्त लागलं. त्यांनी पाणी दिलं, सगळं ऐकलं, आणि म्हणाल्या, "आम्ही नाती मोजत नाही, बांधकाम मोजतो." नियमात कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि त्यांच्यावर अवलंबून असलेली मुलं. पन्नाशीचा भाऊ त्यात बसत नाही. व्यासपीठावरून एकत्र कुटुंबाचे गोडवे गाणारे हेच लोक, आणि यांच्या फॉर्मवर त्याला साधा रकाना नाही. मोहिते मावशीला दोन खोल्या मिळाल्या. मला तिचा राग येत नाही. तिने सरकार वाचलं होतं, मी नुसता जीआर.

अपिलात वकील म्हणाले, दोघा भावांनी प्रतिज्ञापत्र द्या, की आम्ही कित्येक वर्षं विभक्त राहतो. बाबांनी ते दोनदा वाचलं. मग सही केली. काकांनीही केली. बाहेर टपरीवर दोघांनी चहा घेतला, रस्त्याकडे तोंड करून. आणि अपील फेटाळलं गेलं, कारण बाबांचा पहिला जबाब नोंदीत होता: चूल एक.

आता आम्ही मालाडच्या त्या एका खोलीत, सातव्या मजल्यावर. लिफ्ट कधी चालते, कधी नाही. शेजाऱ्यांची दारं बंद. आई अजून भात जास्त लावते, मग स्वतःवरच चिडते. तुमच्या भाड्याच्या खोलीचं मी तुला काय सांगणार, आणि काकांना कामावर पोचायला किती वेळ लागतो तेही तुलाच माहीत. पण मागच्या आठवड्यात काकांचा फोन आला. बाबांना म्हणाले, "दादा, रविवारी येऊ का? जमेल ना तुम्हाला?" बाबा या, या म्हणाले. स्टँप पेपरवर जे खोटं लिहिलं होतं, ते हळूहळू खरं होत चाललंय, सायली. भांडण न होता. घर म्हणजे काय, असं कोणी विचारलं तर मी आता एवढंच सांगेन, जिथे यायला विचारावं लागत नाही ते. असं ठिकाण सध्या माझ्याकडे नाही. तुझ्याकडेही नसेल.

काम मी सोडलेलं नाही. परवा टेकडीच्या पलीकडच्या वस्तीत गेले होते, तिथे पुढच्या महिन्यात सर्वेक्षण आहे. एका काकांनी मला बाजूला घेतलं. घरात दोघे भाऊ, एकत्र जेवतात. पत्रक हातात धरून त्यांनी हळूच विचारलं, "पोरी, भावाला वेगळा सांगू?"

आत त्यांचा भाऊ जेवायला बसला होता.

मी म्हणाले, "सांगा. आणि भिंत याच आठवड्यात घाला."