तिचा ताबा तिलाच

“ताबा कोणाला द्यायचा?” मॅजिस्ट्रेट साहेबांनी विचारलं.

“तिचा तिलाच, सर,” मी म्हणाले.

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. सरकारी वकील उठून उभे राहिले. खरं सांगते, मला मजा येत होती.

सानपाड्यातल्या एका फ्लॅटवर, तिथं देहविक्रय चालतो म्हणून, पोलिसांची रेड पडली होती. फ्लॅट चालवणारा एजंट आरोपी झाला. आत सापडलेली बाई सहसा आरोपी नसते, ‘पीडित’ असते. ऐकायला बरं वाटतं. पण एजंट जामिनावर घरी जातो आणि पीडितेची रवानगी होते सुधारगृहात. चौकशी संपली की तिला बाप, नवरा किंवा भावाच्या ‘ताब्यात’ देतात. अठराची असो नाहीतर चाळिशीची.

माझी अशील शोभाताई (नाव बदललंय) चाळिशीचीच. सोलापूरकडची. धाकट्या भावाला तिनंच वाढवलं, शिकवलं. ताई नेरूळला हॉस्पिटलात आया आहे, असं तो समजतो. ताब्यासाठी त्याला बोलावलं की सगळं उघडं पडणार. सुधारगृहात मला म्हणाली होती, “मॅडम, हितं वरीसभर काढीन, पर त्याला कळवू नका.”

माझ्या सीनियर वकिलांनी सकाळीच बजावलं होतं. “‘देहविक्रय कायदेशीर करा, नियमन करा’ ही तुझी पत्रकं बॅगेत राहू दे. कोर्टात फक्त सुटकेच्या ॲप्लिकेशनवर बोल.”

“हिला सोडलं तर उद्या पुन्हा तेच करेल,” सरकारी वकील म्हणाले.

“करेलही. सज्ञान आहे ती. कोणी डांबलं नव्हतं, असं जबाबात सांगितलंय. प्रोबेशन ऑफिसरचा रिपोर्टही तेच म्हणतो. तिला डांबलंय ते आपण.”

“जरा जपून, मॅडम,” साहेब म्हणाले. मग थेट तिलाच विचारलं, “बाई, तुम्हाला न्यायला कोण येणार?”

“कुनी कशाला, साहेब? रिक्षानं जाईन की.”

या वेळी कोणी हसलं नाही. साहेबांनी कागद पुन्हा चाळले आणि ऑर्डर सांगायला सुरुवात केली. क्लार्क अडला. “सर, ताबा घेणाऱ्याचं नाव?”

“त्यांचंच लिहा.”

मी हवेत होते. कॅन्टीनमध्ये चहा येण्याआधीच माझं भाषण सुरू झालं. “ताई, बाहेरच्या देशांत पॉर्नला नियम आहेत. वय तपासतात, करार करतात. तुमच्या कामालाही तसंच हवं. सरकारनं लायसन्स द्यायचं. मग कुठली रेड आणि कसलं सुधारगृह?”

तिनं नीट ऐकून घेतलं.

“लायसनवर फोटू आसल?”

“असणारच.”

“नाव, पत्ता?”

“तेही.”

“मंजी तुमी आज भावाला कळवू दिलं न्हाई, ते उद्या सरकार कळवनार.” तिनं बिस्कीट चहात बुडवलं. “धरू नका, कोंडू नका. यवडं बास झालं, मॅडम. लायसन ऱ्हाऊ द्या.”

मी बॅगेतलं पत्रक काढून पुन्हा वाचायला घेतलं.

हा कायदा बदललाच पाहिजे, हे माझं मत त्या दिवसानंतर जास्तच पक्कं झालं. पण पत्रक मी पहिल्या ओळीपासून नव्यानं लिहिलं आणि ‘परवाना’ खोडला. आता एक नियम पाळते. ज्यांच्यासाठी मागणी करायची, त्यांना मसुदा आधी वाचून दाखवायचा. रद्दी कमी होते.